अर्धा निर्णय, पुरा निर्णय

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आपल्या सल्ला केंद्रात येणारी बाई बहुधा अर्धा निर्णय घेऊन येते. मार सोसवत नाही, पण तक्रार लिहून द्यायची नाही. माहेरी राहायचे, पण दागिने, भांडी परत मागायची नाहीत. मागितली तर परतीची वाट बंद होईल ही भीती. मग चार शहाणी माणसे समजूत घालतात आणि ती पुन्हा त्याच घरात जाते. आपण म्हणतो, हिच्यात धाडस नाही. हे म्हणणे अन्यायाचे आहे.

रखमाबाईंचे उदाहरण घ्या. अकराव्या वर्षी लग्न झालेले. मोठेपणी त्यांनी नांदायला जायचे नाकारले. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ चा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण अपिलात फिरला. १८८७ मध्ये कोर्टाने बजावले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या.

त्यांच्या पाठीशी आईचे घर होते, वकील होते, मदतीसाठी समिती उभी राहिली होती. तरी ‘जाणार नाही’ हा शब्द त्यांचा एकटीचा होता. आधार आपण देऊ शकतो, शब्द तिनेच द्यायचा असतो. आणि आधार दिसल्याशिवाय तो शब्द सहसा फुटत नाही.

आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली ‘नांदायला ये’ अशी नोटीस येते. बाई घाबरते, पोलीस धरून नेतील म्हणते. तिला सांगा, या हुकमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ सालीच काढून टाकली आहे. मात्र नोटीस फाडून टाकू नये, वकिलामार्फत उत्तर द्यावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसले तरी.

म्हणून पुरा निर्णय म्हणजे घर सोडणेच, असे नाही. राहायचे तर हक्काने, संरक्षणाचा आदेश मागून. निघायचे तर स्त्रीधन, पोटगी, मुलांचा ताबा, सगळे मागून. तिसरी वाट, म्हणजे काहीच न मागता वाट पाहत बसणे, तिला सुरक्षित वाटते. पण त्यात वर्षे जातात आणि अंगावरचे वळही वाढतात.

तिला विचारा: रात्री झोपणार कुठे? हातात पैसे किती? रेशनकार्ड, मुलांचे दाखले कुणाकडे? ही उत्तरे जुळवायला मदत करा. मग ती काय ठरवते ते ऐका. ती परत गेली, तरी केंद्राचा दरवाजा तिच्यासाठी उघडा ठेवा.