उसाच्या रानात साठलेला स्फुरद

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



बाप्पाची मूर्ती मातीची, म्हणून त्याच्यासमोर मातीविषयीच बोलतो. आपण बेळगावात स्थायिक झालो तरी अनेकांची जमीन अजून गावाकडे आहे. कुणी स्वतः करतो, कुणी वाट्याने दिली आहे. आणि रानात बहुधा ऊसच. माती परीक्षण हे माझे रोजचे काम. त्यातली एक गोष्ट सांगतो.

नत्र पाण्याबरोबर खाली जाते, काही हवेत उडते. स्फुरदाचे तसे नाही. तो टाकला तिथून फारसा हलत नाही. आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात तो चुन्याशी जखडला जातो, तांबड्या मातीत लोह व ॲल्युमिनियमशी. घातलेल्या स्फुरदापैकी त्या हंगामात पिकाला साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही कमी मिळतो. उरलेला जमिनीतच राहतो आणि पुढच्या पिकांना थोडा थोडा लागू पडतो.

आता हिशेब करू. डीएपीच्या ५० किलोच्या पिशवीत २३ किलो स्फुरद असतो. महाराष्ट्रात सुरू उसाला हेक्टरी ११५ किलोची शिफारस आहे. म्हणजे एकरी ४६ किलो, दोन पिशव्या. पण लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार-पाच पिशव्या टाकणारेही आहेत. शिवाय १०:२६:२६ आणि कारखान्याचा प्रेसमड. त्यातला स्फुरद कुणी मोजतच नाही. दरवर्षी ऊस, दरवर्षी तेच खत. मग साठा वाढणारच.

साठला तर बिघडले कुठे, असे विचारतात. बिघडते ते असे. जादा स्फुरदामुळे पिकाला जस्त आणि लोह घेणे अवघड होते. पाने पिवळी पडतात. शेतकऱ्याला वाटते खत कमी पडले, आणि तो आणखी एक पिशवी टाकतो! पैसा जातो, दुखणे वाढते. दुसरे म्हणजे पावसात धुपलेल्या मातीबरोबर हा स्फुरद ओढ्यानाल्यांतून घटप्रभा, कृष्णेत जातो. पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. हेच पाणी गावे पितात.

म्हणून स्फुरद बंद करा, असे मी म्हणत नाही. मुळे फुटताना उसाला तो हवाच. माझे म्हणणे एवढेच, की आधी माती तपासा. ऊस तुटल्यावर, खत घालण्यापूर्वी, रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती घ्या. बांध आणि उकिरड्याची जागा सोडा. अहवालात स्फुरद जास्त आला तर डीएपी कमी करा. एक पिशवी कमी केली तर तिच्यातले ९ किलो नत्र २० किलो युरियातून भरून निघते. स्फुरद घालायचाच तर वर फेकू नका, लागणीच्या वेळी सरीत मुळांजवळ द्या. पाचट जाळू नका, कुजवा. स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतातून द्या. जखडलेला साठा थोडा मोकळा होतो.

ज्यांनी रान वाट्याने दिले आहे त्यांनी खताच्या बिलातला अर्धा हिस्सा देताना एक विचारावे : "माती तपासली का?" आजोबा-पणजोबांनी जमीन राखली म्हणून आपण शिकलो, शहरात आलो. पुढच्या पिढीला सातबारा किंवा उताऱ्याबरोबर पिकणारी मातीही मिळायला हवी.

गणपती बाप्पा मोरया!