पहिले आठ दिवस

पुण्यात पावसाळा लागला, की कॉलेज सुटल्यावर एखाद्या वर्गातले बाक भिंतीला सरकवले जातात. फरशीवर दहा-बारा मुलं गोल करून बसतात. मधे झेरॉक्स काढलेल्या संहिता, कोपऱ्यात ओल्या छत्र्या. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक असतो. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ साली सुरू केलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा आणि तिथला ‘आवाज कुणाचा’चा गजर पुण्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. आजचा विषय त्या गजराच्या बराच आधीचा आहे. बाक सरकवल्यापासूनचे पहिले आठ दिवस. एकांकिका बहुधा तिथेच घडते, नाहीतर तिथेच हातची जाते.

पुरुषोत्तमचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो. नेपथ्य-प्रकाशाच्या झगमगाटाचा तिथे उपयोग नाही. म्हणजे सगळा भार एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या आवाजावर आणि अंगावर. दिग्दर्शकही त्याच वयाचा, फार तर दोन वर्षं पुढचा ‘दादा’ किंवा ‘ताई’. त्याला घाई झालेली असते. दुसऱ्याच दिवशी तो मुलांना उभं करतो, तिसऱ्या दिवशी पाठांतर मागतो आणि चौथ्या दिवशी वाक्य स्वतः म्हणून दाखवतो.

घात होतो तो इथे. मूल हुशार असतं, दादाचा सूर हुबेहूब उचलतं. वाक्य आणि सूर एकत्रच पाठ होतात, आणि एकदा असे चिकटले की प्रयोगाच्या दिवसापर्यंत सुटत नाहीत. समोरच्या नटाने काहीही केलं तरी उत्तर त्याच चढउतारात येतं. सहा पात्रं बोलत असतात, पण ऐकू येतो एकट्या दिग्दर्शकाचा आवाज.

समजा, संहितेत राहतं घर विकायला निघालेला भाऊ आहे आणि त्याची बहीण आहे. तो कागद पुढे करतो. ती म्हणते, ‘चहा ठेवू का?’ हे वाक्य कसं म्हणायचं, हा पहिल्या आठवड्यातला प्रश्नच नव्हे. ती आत्ता चहाचं का काढते? सही टाळायला, डोळ्यांतलं पाणी लपवायला, की भाऊ अजून दहा मिनिटं बसावा म्हणून? दिग्दर्शकाने हे विचारावं आणि गप्प बसावं. मुलीने एक उत्तर धरून वाचावं, मग दुसरं धरून. भाऊ करणाऱ्या मुलाने मधेच बहिणीची वाक्यं वाचून पाहावीत. असं वाचन चार-पाच दिवस चाललं तर अर्धं पाठांतर आपोआप होतं, आणि तेही सुराशिवाय.

रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कीने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १९३५ साली मॉस्कोत सुरू केलेल्या स्टुडिओत, तरुण विद्यार्थ्यांबरोबर हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवायला घेतला. संहिता पाठ करायच्या आधी प्रसंग समजून घ्यायचा आणि तो स्वतःच्या शब्दांत, प्रत्यक्ष कृतीतून करून पाहायचा. लेखकाचे शब्द नंतर, त्यांची गरज भासू लागल्यावर. के. नारायण काळे यांच्या ‘अभिनयसाधना’मुळे स्तानिस्लावस्की मराठीत आला, पण आपल्याकडे त्याचं नाव घेतात ते बहुधा ‘भूमिकेत शिरणं’ एवढ्यापुरतंच. तालमीच्या क्रमाबद्दलचा हा त्याचा शेवटचा विचार कॉलेजच्या मुलांना जास्त उपयोगी आहे. मात्र स्वतःच्या शब्दांची सवय लागू देऊ नये. दिग्दर्शक सत्यदेव दुबे यांनी तरुण नटांच्या कार्यशाळांत वाणीचा धरलेला आग्रह इथे आठवावा. शब्द लेखकाचाच, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोचलाच पाहिजे.

ओरडणाऱ्या दिग्दर्शकाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पहिल्या आठवड्यात ओरडा खाल्लेलं मूल धीट होत नाही. ते सुरक्षित होतं, म्हणजे जे एकदा चाललं तेच पुन्हा करतं. त्याचं प्रॅक्टिकल लांबलेलं असतं, शेवटची बस गाठायची असते, घरी नाटकाचं सांगितलेलंही नसतं. दोन तास ठरवून दोन तासांत सोडणं, हाही दिग्दर्शनाचाच भाग. ज्याला भूमिका मिळाली नाही त्याला नुसतं चहा आणायला धाडू नये, प्रॉम्प्टिंगला बसवावं. संहिता सगळ्यात आधी त्याचीच पाठ होते, आणि कुणी ऐनवेळी आजारी पडलं तर तोच उभा राहतो.

सहाव्या-सातव्या दिवशी मुलांनी उभं राहावं. तोवर फरशीवर खडूने घर आखून ठेवावं. इथे दार, इथे खिडकी, हा पलंग. नवी मुलं पहिल्यांदा हमखास प्रेक्षकांकडे तोंड करून एका रांगेत उभी राहतात आणि हातांचं काय करावं हे त्यांना कळत नाही. त्यावर ‘हात खाली ठेव’ असं सांगून भागत नाही. हाताला काम द्यावं लागतं. बहिणीला कपबश्या द्याव्यात. भावाला कागदाची घडी घालू द्यावी.

मग एखाद्या संध्याकाळी भाऊ करणारा मुलगा घाईत खडूची भिंत ओलांडून आत येतो, आणि कपबश्या मांडणारी मुलगी, दिग्दर्शकाने काही म्हणायच्या आत, त्याला थांबवते, ‘अरे, दार तिकडे आहे.’ मुलगा मागे फिरतो, रेघ संपते तिथून वळसा घालून दारापाशी येतो आणि आत येण्याआधी क्षणभर उंबऱ्याशी थबकतो. ते थबकणं संहितेत नसतं. दिग्दर्शकाने तेवढं वहीत लिहून घ्यावं.