पाठीवर सॅक आणि आजीचं जातं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लिखित मसुदा)



समितीने मला सांगितलंय, "बाई, परदेशात सॅक पाठीवर टाकून फिरलात ते सांगा, पण आटोपशीर." आयुष्य शाळेत गेलं, त्यामुळे घंटा झाली की थांबायची सवय आहे. काळजी नसावी.

2023 च्या मे महिन्यात मी आणि माझी भाची पंधरा दिवस लंडन आणि पॅरिस फिरून आलो. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते. लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायचा, "टूर कंपनीबरोबर का नाही गेलात?" कारण सरळ आहे. एक तर पेन्शनीत बसवायचं होतं. दुसरं म्हणजे मला म्युझियम बघायची होती, आणि टूरवाले म्युझियमला तासभर देतात. त्यातला अर्धा तास स्वच्छतागृहाच्या रांगेत जातो.

आधी उपयोगाचं सांगते, कारण आपल्याकडची बरीच मुलं आता तिकडे शिकायला, नोकरीला जातात आणि आईवडिलांना बोलावतात. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅशनल गॅलरी ही लंडनमधली मोठी राष्ट्रीय संग्रहालयं. तिथे कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. त्यामुळे एकाच दिवसात सगळं उरकायची गरज नसते. आम्ही ब्रिटिश म्युझियममध्ये तीन वेळा गेलो, दर वेळी दोन तास. पाय दुखायला लागले की बाहेर. पॅरिसला तिकीट पडतं आणि सुट्टीचे वार सांभाळावे लागतात. लूव्र मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी बंद. मोठी सॅक कुठेच आत घेऊ देत नाहीत. ती होस्टेलवर ठेवायची आणि खांद्याला एक लहान पिशवी अडकवायची. होस्टेल फक्त पोरांसाठी असतात हाही गैरसमज आहे. आमच्या खोलीत सहा बायका होत्या, आणि वयाने मी दुसऱ्या नंबरवर होते! लंडनच्या बसमध्ये एकदा पैसे भरले की तासाभरात कितीही बस बदलता येतात. खायला भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. होस्टेलच्या स्वयंपाकघरात थालीपीठ लावलं तर दोन इटालियन मुली वासाने उठून आल्या.

आता मुद्द्याचं. म्युझियम म्हणजे महासागर. ब्रिटिश म्युझियम 1759 पासून लोकांसाठी उघडं आहे. तेव्हापासून साठवलेलं आपण दोन दिवसांत काय बघणार? म्हणून भाचीने निघण्यापूर्वीच मला विचारलं, "मावशी, तुला नेमकं काय बघायचंय?"

मी म्हटलं, "मोडलेल्या गावांच्या वस्तू लोक कशा ठेवतात ते बघायचंय."

हे डोक्यात का आलं ते सांगते. माझ्या आईची आई मुळशी पेट्यातली. आपण भूगावहून पौडकडे आणि तिथून पुढे फिरायला जातो, कणीस खातो, पाण्यापाशी उभं राहून फोटो काढतो, त्या पाण्याखाली तिचं माहेर आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी मुळा-नीला संगमाजवळ धरण बांधायला घेतलं. पन्नासच्या आसपास गावं उठणार होती. 16 एप्रिल 1921, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. हा लढा पुढे सेनापती बापटांनी चालवला, तीन वर्षांहून जास्त. अभ्यासक त्याला धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा म्हणतात. लढा हरला, धरण झालं. आजी तेव्हा लहान होती. तिच्या घरच्यांनी गाव सोडताना बैलगाडीत भरलं त्यातलं आज एकच उरलंय, एक जातं. ते माझ्याकडे आहे.

तर हा प्रश्न घेऊन मी हिंडले, आणि तो एवढा महासागर एकदम आवाक्यात आला. रोझेटा शिळेपुढे ही गर्दी! ती 1799 मध्ये इजिप्तमध्ये फ्रेंच सैनिकांना सापडली आणि फ्रेंच हरल्यावर इंग्रजांकडे आली. त्याच 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपूचा लाकडी वाघ इंग्रजांच्या हाती लागला. तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे. गोऱ्या माणसावर बसलेला हा वाघ, पोटात वाद्य. शाळेतली पोरं त्याच्यापुढे खिदळत होती, मला मात्र हसू येईना. जिंकणाऱ्याने नेलेल्या वस्तू काचेत छान टिकतात, हे तिथे दिसलं. ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. त्यांच्यापुढे मी पाऊण तास बसले. आपलंच, पण बघायला विमानाने यावं लागलं. पुढच्याच वर्षी, जुलै 2024 मध्ये, लंडनची वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर उसनी. ती महाराजांनीच वापरलेली का, याची खात्री देता येत नाही असं ते म्युझियमच म्हणतं. तरी लोक रांगा लावून बघायला गेले. मीही गेले.

पण त्याच इमारतीत मला वेगळंही काही दिसलं. वरच्या मजल्यावर लोखंडी कामाचं लांबच लांब दालन आहे. तिथे कुलपं, किल्ल्या, बिजागऱ्या, कड्या. कुठल्या राजाच्या असतील त्या असतील, पण बऱ्याचशा साध्या दारांच्या. प्रत्येकीखाली चिठ्ठी, कुठली, साधारण कधीची, कशाची. भाची म्हणाली, "मावशी, कडीकोयंड्यासाठी एवढी खोली?" मी त्या दालनात सगळ्यात जास्त रमले.

पॅरिसचं ऑर्से हे पूर्वी रेल्वे स्टेशन होतं, 1900 च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. पुढे गाड्या बंद झाल्या, पाडायचंही चाललं होतं. ते वाचलं आणि 1986 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. मोठं घड्याळ अजून भिंतीवर आहे. मोनालिसाबद्दल विचारू नका. चित्र आपल्या कॅलेंडरपेक्षा थोडंसं मोठं, आणि मला दिसले ते लोकांचे मोबाइल.

लंडनचे शेवटचे दोन दिवस आपल्या माणसांसाठी ठेवले होते. किंग हेन्रीज रोडवर 10 नंबरचं घर आहे. 1921-22 मध्ये बाबासाहेब तिथे राहून शिकत होते. महाराष्ट्र शासनाने ते घेऊन स्मारक केलंय. मी हिशोब केला, इकडे मावळे धरणावर बसले होते तेव्हा तिकडे बाबासाहेब अर्थशास्त्राचा प्रबंध लिहीत होते. दुसऱ्या दिवशी हायगेटला गेलो, 65 क्रॉमवेल अव्हेन्यू. श्यामजी कृष्णवर्मांनी 1905 मध्ये सुरू केलेलं इंडिया हाउस ते हेच. सावरकर इथे राहत होते, तशी गोल पाटी भिंतीवर आहे. घर खाजगी, रस्त्यावरूनच बघायचं. शिष्यवृत्तीवर शिकायला गेलेले पांडुरंग महादेव बापटही या घरातल्या मंडळींपैकीच. इथून ते पॅरिसला गेले, बाँबची कृती शिकले आणि 1908 मध्ये परतले. पुढे तेच आमच्या मावळात, निःशस्त्र शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. पाटीवर त्यांचं नाव नाही. भाचीने फोटो काढला, मी फुटपाथवर उभी राहून तिला आजीची सगळी हकीकत सांगितली. तिने ती तोवर ऐकली नव्हती. मावळातली गोष्ट मावळातल्या पोरीला लंडनच्या फुटपाथवर कळली.

परत आल्यावर मी पुण्यात केळकर संग्रहालयात पुन्हा गेले. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, फण्या, भांडी गोळा केली, वीस हजारांवर वस्तू. कुणी राजाने नाही, एका माणसाने.

म्हणून आज समितीपुढे एक विनंती. आपल्या क्लबहाउसच्या भिंतीला एक काचेचं कपाट करूया. आपल्यात कोकणातले आहेत, विदर्भातले, बेळगावचे, बिहारचे आहेत, आणि ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी राहिली ती मंडळीही शेजारीच राहतात. त्यांनाही बोलावूया. प्रत्येक घराने एक वस्तू द्यायची. खाली चार ओळींची चिठ्ठी, काय आहे, कुणाचं, कुठल्या गावचं, केव्हाचं. चिठ्ठी मात्र आजच लिहा, सांगणारं माणूस घरात आहे तोवर. माझी आजी गेली तेव्हा गावातल्या तिच्या आळीचं नाव तिच्याबरोबर गेलं. ते आता कुठल्याच म्युझियममध्ये मिळणार नाही.

पहिली वस्तू मी देते. जातं जड आहे. रविवारी सकाळी चार तरुण मुलं तिसऱ्या मजल्यावर पाठवा, चहा आणि थालीपीठ माझ्याकडे.