दोन जावा आणि पाच खाड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला बोलावणे करावे इतपतच माझे वक्तृत्व. पण गेल्या जानेवारीत मी आणि माझी धाकटी जाऊ सायकलवरून तळवलीहून गुहागरला गेलो, त्याची हकीकत सांगावी असा कार्यकारिणीचा आग्रह पडला, म्हणून उभी आहे.

मूळ कल्पना माझी नव्हे. माझी भाची इंग्लंडात असते. तिने व तिच्या यजमानांनी तिकडे एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सायकलचा प्रवास केला. ही वाट १९९४ साली खुली झाली. पश्चिमेला आयरिश समुद्रावरील व्हाइटहेवन गावी निघावे, सरोवरांचा डोंगराळ मुलूख आणि पेनाइन पर्वत ओलांडावा आणि सुमारे २२५ किलोमीटर जाऊन उत्तर समुद्र गाठावा. सर्वांत उंच जागा सहाशे मीटरांवर आहे. वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून लोक पश्चिमेकडून पूर्वेला जातात, म्हणजे तो पाठीशी राहतो. शेवटी शेवटी बंद पडलेल्या आगगाडीच्या मार्गावरून सपाट वाट लागते. बरोबर वाटाड्या नसतो. नकाशा पाहावा, मुक्कामाची घरे आधी ठरवावी आणि आपले आपण जावे. निघताना मागचे चाक एका समुद्रात भिजवायचे, पोचल्यावर पुढचे चाक दुसऱ्यात.

हे ऐकून जाऊ म्हणाली, "बाय, आपल्याला समुद्र एकच, पण खाड्या मोप हायत!" तिथे आमचा बेत ठरला.

घरी अर्थातच वादळ झाले. मुलगा म्हणाला, "आई, ५६ व्या वर्षी हे काय? मोटारीने नेतो की." त्याला मी जे सांगितले ते आज आपल्यालाही सांगते. सातवीनंतर मला शाळेतून काढले. हायस्कूल लांब होते. माझ्या भावाला सायकल घेऊन दिली, मला घरी बसवले. वडील वाईट नव्हते, तशी रीतच होती. दुपारी भाऊ निजला की मी त्याची सायकल काढून दांड्याखालून पाय घालीत कैची मारायला शिकले. सायकल मला येत होती, फक्त तिच्यावरून कुठे जायची परवानगी नव्हती. मुलगा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्यानेच दोन्ही सायकलींचे ब्रेक बदलून आणले.

पहिला दिवस सर्वांत कठीण गेला, आणि तो आपल्याच दारातला! बेलापूरपुढे न्हावाशेवा बंदराकडे जाणारे अजस्र ट्रेलर शेजारून गेले की हँडल थरथरे. करंजाला मागची चाके भिजवली, सायकली लाँचवर चढवल्या आणि धरमतरची खाडी ओलांडून रेवसला उतरलो. तिथून पुढे रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, हर्णै असे मुक्काम करीत आठव्या दिवशी गुहागर. रेवदंड्याच्या खाडीवर पूल आहे. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला आणि दाभोळहून धोपाव्याला मात्र जंगर. जंगर म्हणजे मोटारगाड्या वाहून नेणारी सपाट बोट. दाभोळची २००३ साली सुरू झाली. अशा पाच खाड्या आणि सुमारे तीनशे किलोमीटर.

किनाऱ्याची वाट सपाट असेल ही आमची समजूत दुसऱ्याच दिवशी गेली. कोकणचा रस्ता दर खाडीला खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. बाणकोटच्या पुढे जावेचा गुडघा धरला. ती दरडीशी बसून रडू लागली, "वैनी, तुम्ही जा पुढं." मी म्हटले, दोघी निघालो, दोघी पोचू. इतक्यात नारळाचा टेम्पो आला. तो चढ आम्ही टेम्पोने केला, हे लपवीत नाही. उतारावर पुन्हा सायकली घेतल्या.

गुहागरला संध्याकाळी पुढची चाके लाटेत घातली. जाऊ एकदम म्हणाली, "आज आठ दिवसांत मला कुणी विचारलं नाही, कुठं चाललीस म्हणून." भगिनींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

कोणी म्हणेल, हे हौशी लोकांचे चोचले. तसे नाही. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरतेची मोहीम झाली, तेव्हा बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शेतावर राबणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या हजारो बायका सायकलवर बसल्या. पाणी आणणे, मुलाला शाळेत पोचवणे, बाजारात माल नेणे, यांसाठी घरच्या पुरुषाची वाट पाहणे संपले.

आपल्याकडे १९७० नंतर सिडको आली, शेते गेली, रस्ते आले. त्या रस्त्यांवर आपल्या किती जणी स्वतःच्या पायांनी दूर जातात? रिक्षा नाहीतर मुलाची मोटारसायकल. मुलगा घरी नसला की आपण घरात.

म्हणून माझी एक मागणी आहे. मंडळाने दोन जुन्या सायकली घ्याव्यात. त्यांतल्या एकीचे पैसे मी आणि जाऊ देतो. रविवारी सकाळी सात वाजता मोकळ्या मैदानावर आम्ही दोघी उभ्या राहू. चाळीशीपुढच्या बायकांनी आधी यावे, मुलींना काय, त्या शिकतीलच. पडण्याची लाज वाटत असेल तर सांगते, मी दिवेआगरच्या भर बाजारात पडले. लोकांनी उचलले, पाणी दिले, आणि कोणी हसले नाही. हसली ती फक्त माझी जाऊ.

पुढच्या वर्धापनदिनी इथे बोलायला मी नसावे, तुमच्यापैकी कोणीतरी असावे, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेते.