प्रशिक्षक बदलतो तेव्हा

गोव्यात फुटबॉलचे नाव निघाले की मडगाव, फातोर्डा, बाणावली अशा सासष्टीच्या गावांकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असे नाही. गावचे चर्च, चर्चपुढचे मैदान, फेस्ताच्या दिवसांतले सामने आणि गावच्याच मुलांचा क्लब ही परंपरा तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. उत्तरेकडच्या पेडणे आणि डिचोली या तालुक्यांची गोष्ट निराळी. हे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. सासष्टी आणि बारदेश या जुन्या काबिजादींत तोवर अडीच शतकांत जे घडून गेले होते ते या नव्या काबिजादींत घडले नाही. इथली शाळा मराठी, देवळातले भजन मराठी, आणि रात्रीची करमणूक म्हणजे दशावतार. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ साली शिवोलीस फुटबॉल आणला असे सांगितले जाते. शिवोली म्हणजे शापोरा नदीचा दक्षिण काठ. समोरच्या काठावर चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. मध्ये एवढीच एक नदी. पण ती ओलांडायला चेंडूला बराच काळ लागला.

पेडणे-डिचोलीत फुटबॉलचे चाहते नाहीत असा याचा अर्थ नव्हे. हरमल-मांद्र्याच्या किनाऱ्यावर आणि डिचोलीच्या माळांवर मुले चेंडूमागे धावतातच. फरक आहे तो नात्यात. सासष्टीच्या माणसाला क्लब जन्माने मिळतो. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या माणसाने तो निवडलेला असतो. आणि मनुष्य जे निवडतो ते कशासाठी निवडले याचा जाब तो स्वतःला केव्हा ना केव्हा विचारतोच. ही वेळ बहुधा येते ती संघाचा प्रशिक्षक बदलतो तेव्हा.

डिचोलीत 'धेंपो' हे नाव लोकांनी प्रथम ऐकले ते खाणीचे म्हणून. क्लबाची कीर्ती मागाहून आली. त्या क्लबाने २००५ ते २०१२ या अवधीत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि पाचही वेळा प्रशिक्षक एकच होते, आर्मांदो कुलासो. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स असे खेळाडू त्यांच्या हाताखाली खेळले. एका संघाचे एका माणसाशी नाव इतके जोडले गेले, की दोहोंचा वेगळा विचार करण्याची कुणाला सवयच राहिली नाही. २०१३ साली ते धेंपोतून बाहेर पडले आणि आर्थर पापास हे ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक त्यांच्या जागी आले, तेव्हा समर्थकांची स्थिती घरातला कर्ता पुरुष निघून गेल्यासारखी झाली. नव्या माणसावर राग नव्हता. त्याच्याविषयी काय वाटावे हेच कुणाला कळत नव्हते. पुढे दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, धेंपो वरच्या श्रेणीतून खाली घसरला. जुने चाहते मान हलवून "आम्ही म्हटले नव्हते?" असे विचारू लागले. वास्तविक त्यांनी तसे काही म्हटलेले नव्हते. समर्थकाची भविष्यवाणी पुष्कळदा घटना घडून गेल्यावर तयार होते, हे जाता जाता सांगितलेले बरे.

२०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिघांनीही आय-लीगमधून अंग काढून घेतले. तोवर २०१४ साली स्थापन झालेला एफसी गोवा हा नवा संघ इंडियन सुपर लीगमध्ये उतरला होता. या संघाच्या नावात गावही नव्हता आणि खाणही नव्हती, होता तो फक्त गोवा. उत्तरेच्या माणसाला हा संघ आपला म्हणणे सोपे गेले ते यामुळे. पहिले प्रशिक्षक ब्राझीलचे झिको. ते नाव एवढे मोठे, की २०१५ चा अंतिम सामना फातोर्ड्यावर शेवटच्या काही क्षणांत चेन्नईयिनकडून ३-२ असा गमावला तरी लोकांनी त्यांना दोष दिला नाही. २०१६ साली संघ आठांत आठवा आला आणि झिको गेले. तेव्हा हळहळ झाली, भांडण झाले नाही.

भांडण झाले ते पुढच्या माणसावरून. २०१७ मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. त्यांचा संघ चेंडू पायाजवळ ठेवून, लहान लहान पासांनी पुढे सरके आणि पुष्कळ गोल करी. २०१९ च्या मार्चमध्ये अंतिम सामना बंगळुरूकडून १-० असा गेला, परंतु एप्रिलमध्ये भुवनेश्वरला सुपर कप मिळाला. हा खेळ पाहावयास पेडण्याहून फातोर्ड्यास जायचे म्हणजे शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. डिचोलीचा माणूस फोंड्याच्या वाटेने बोरीच्या पुलावरून जातो. सामना रात्री साडेसातला सुरू व्हायचा आणि साडेनवाच्या पुढे संपायचा. त्यानंतर उत्तरेची वाट धरणे हा दुसरा सामना. जो हे करतो, किंवा ते जमत नाही म्हणून दूरदर्शन संचापुढे संध्याकाळची वेळ राखून ठेवतो, त्याला क्लबाच्या कार्यालयाशी, मालकांशी किंवा फातोर्ड्याच्या गल्लीशी काहीच देणेघेणे नसते. त्याचे नाते खेळाच्या पद्धतीशी असते, आणि ती पद्धत तर लोबेरांची होती.

३१ जानेवारी २०२० रोजी क्लबाने लोबेरांना निरोप दिला. संघ गुणतक्त्यात पहिला होता. साखळीचे तीनच सामने उरले होते.

हरलेल्या सेनापतीला बाजूला करतात हे कुणालाही समजते. जिंकत असलेल्याला करतात हे समजण्यास कारण लागते. लोक गोंधळले ते यामुळे. कुणी मालकांवर चिडले. कुणी म्हणाले की आतली गोष्ट आपल्याला माहीत नाही, तेव्हा थांबावे. काहींना आनंदही झाला, कारण संघ हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे दिला गेला, आणि धेंपोच्या जुन्या दिवसांत खेळलेला हा गोव्याचा माणूस. परक्या प्रशिक्षकांच्या मालिकेनंतर घरचा माणूस पुढे आला याचे समाधान विजयाहून लहान नव्हते. डिचोलीच्या बाजूला या चर्चेला आणखी एक सूर होता. ज्या तालुक्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारापुढे उभे राहिले, तिथल्या लोकांना दूरच्या दालनात झालेला निर्णय आपल्या अंगणात कसा येऊन उभा राहतो हे शिकवावे लागत नाही. खाण आणि खेळ यांची तुलना होऊ शकत नाही हे उघड आहे. तरीही "आपल्याला कुणी विचारले नाही" ही भावना दोन्हीकडे एकाच जातीची.

मिरांडांच्या संघाने उरलेले तिन्ही सामने जिंकले. हैदराबादवर ४-१, मुंबईवर ५-२, आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरवर ५-०. साखळीतील अग्रस्थानाची ढाल गोव्याला मिळाली आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही मिळाला. उपांत्य फेरीत चेन्नईयिनने दोन सामन्यांत मिळून ६-५ असे हरविले ते वेगळे. एकोणीस फेब्रुवारीनंतर रागावलेले आवाज शांत झाले. मात्र इथे एक गोष्ट नजरेआड होते. ढाल जिंकली म्हणून निर्णय योग्य ठरला, असे लोक म्हणू लागले. पण विचारलेला प्रश्न निकालाचा नव्हताच. प्रश्न होता तो कारणाचा, आणि विजय हे कारणाचे उत्तर होत नाही. ज्यांनी तिकिटे काढली, नद्या ओलांडल्या, त्यांना नीट उलगडा मिळणे हा काही उपकार नव्हता. समर्थकांनीही आनंदाच्या भरात तो मागण्याचे सोडून दिले, हे त्यांच्या बाजूने फारसे भूषणावह नाही.

हा अनुभव एकट्या गोव्याचा नव्हे. इंग्लंडमध्ये जिथे 'मॅनेजर' म्हणजे खेळाडू निवडण्यापासून विकत घेण्यापर्यंत सर्व काही पाहणारा माणूस, तिथे तो अधिक तीव्र असतो. १९७२ साली डर्बी काउंटीला विजेतेपद मिळवून देणाऱ्या ब्रायन क्लफ यांनी १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये संचालकांशी बिनसल्यावर राजीनामा दिला, तेव्हा गावातल्या लोकांनी त्यांना परत आणण्यासाठी चळवळच उभारली. ते परतले नाहीत. १९७४ साली लिव्हरपूलचे बिल शँक्ली यांनी निवृत्ती जाहीर केली तेव्हा रस्त्यातल्या माणसांना ती बातमी खरी वाटेना. लेस्टरने २०१६ साली अकल्पितपणे विजेतेपद जिंकले आणि अवघ्या नऊ महिन्यांत, २०१७ च्या फेब्रुवारीत, क्लाउदियो रानिएरी यांना काढले. तिथल्या दुःखात आणि फातोर्ड्याच्या दुःखात अंतर आहे ते वर्षांचे. तिकडे शंभर वर्षांचे क्लब. इकडे एफसी गोवा त्या वेळी सहा वर्षांचाही नव्हता. सहा वर्षांच्या संघाला पूर्वज नसतात. त्याला प्रशिक्षक असतो.

यानंतरचा हंगाम विलक्षण निघाला. महामारीमुळे २०२०-२१ ची संपूर्ण स्पर्धा गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को इथल्या मैदानांवर झाली. आणि एकही प्रेक्षक आत जाऊ शकला नाही. ज्या खेळासाठी तीन नद्या ओलांडाव्या लागत तो सगळा घराजवळ आला आणि दारे बंद. त्या एका वर्षी मडगावचा माणूस आणि पेडण्याचा माणूस सारखेच दूर होते. दोघांनी संचावर पाहिले ते असे : लोबेरा आता मुंबई सिटीचे प्रशिक्षक होते, गोव्याचे अहमद जाहू, मूर्तादा फाल, ह्यूगो बूमू आणि मंदार राव देसाई त्यांच्याकडे गेले होते, आणि २०२१ च्या मार्चमध्ये उपांत्य फेरीत याच मुंबईने गोव्याला पेनल्टीच्या फटक्यांवर ६-५ असे बाद केले. मुंबईने त्या वर्षी ढाल आणि करंडक दोन्ही नेले. मंदार राव देसाई २०१४ पासून गोव्याकडून खेळत आलेला मुलगा. त्याला मुंबईच्या वेशात पाहताना पुष्कळांना प्रशिक्षक गेल्याचे दुःख खऱ्या अर्थाने त्या दिवशी झाले.

त्या वेळी गोव्याचे प्रशिक्षक होते स्पेनचेच हुआन फेर्रांदो. एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्या संघाने रिकाम्या फातोर्ड्यावर कतारच्या अल् रय्यानला गोल करू दिला नाही, आणि ऑक्टोबरमध्ये मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून ड्युरँड कप आणला. लोक त्यांना आपले म्हणू लागले. डिसेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, ते कराराप्रमाणे सुटका करून घेऊन कोलकात्याच्या एटीके मोहन बागानला गेले. या वेळी चीड मालकांवर नव्हती; निघून जाणाऱ्यावर होती. जे समर्थक २०२० साली "करार करून आणलेल्या माणसाला असे मध्येच घालवतात काय?" असे विचारत होते तेच आता "करार करून आलेला माणूस असा मध्येच जातो काय?" असे विचारू लागले. करार दोन्ही बाजूंनी मोडता येतो हे व्यवहारात सगळ्यांना ठाऊक असते. प्रेमाच्या हिशेबात ते कुणी धरत नाही.

डेरिक परेरा यांनी मग संघ सांभाळला. तेही घरचेच, जुने जाणते. संघ नववा आला. पण मिरांडांच्या वेळी जी घरच्या माणसाची हौस होती ती या वेळी उत्साहाच्या रूपाने फारशी उरली नव्हती. आणि परेरांना कुणी कठोरपणे बोललेही नाही. गोव्याच्या माणसाला प्रशिक्षक म्हणून संधी बहुधा मिळते ती दुसऱ्याने अर्ध्यावर टाकलेल्या कामाची, ही गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. मिरांडांनी पुढे २०२३ च्या एप्रिलमध्ये ओडिशाच्या संघाला सुपर कप जिंकून दिला. तोही हंगामी प्रशिक्षक म्हणूनच.

त्याच वर्षी १८ मार्चला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना फातोर्ड्यावर झाला. गोवा त्यात नव्हता. बंगळुरूला पेनल्टीवर हरवून करंडक उंचावला तो मोहन बागानने, आणि प्रशिक्षक होते हुआन फेर्रांदो.

२०२३ च्या उन्हाळ्यात मानोलो मार्केस आले. हैदराबादला २०२२ चे विजेतेपद मिळवून दिलेला हा शांत गृहस्थ गोव्याला मानवला. परंतु तोवर समर्थक शहाणा झाला होता. तो नव्या प्रशिक्षकाकडे पाहताना त्याचा खेळ आणि त्याची मुदत अशा दोन्ही गोष्टी पाहू लागला. २०२४ च्या जुलैत मार्केस यांच्याकडे भारताच्या राष्ट्रीय संघाचेही काम आले. एक वर्ष दोन्ही संघ सांभाळावयाचे आणि मग पूर्ण वेळ राष्ट्रीय संघाकडे जायचे, असे ठरले. निरोपाची तारीख आधीच कळलेला हा पहिला प्रशिक्षक. ३ मे २०२५ रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० असे हरवून गोव्याने सुपर कप दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा आनंद झाला तो निरोपसमारंभाच्या जातीचा. पुढे जुलैत राष्ट्रीय संघाशी त्यांचा संबंध संपला आणि नव्या हंगामात मार्केस पुन्हा गोव्याच्याच संघापुढे उभे राहिले. निरोप देऊन झाला होता, आणि पाहुणा दारातून परत आत आला होता. ज्यांनी पाच वर्षांत इतके प्रशिक्षक जाताना पाहिले, त्यांना न गेलेल्या प्रशिक्षकाविषयी काय बोलावे हे काही दिवस सुचेना.