पाहुण्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क

(हॉटेल आणि पर्यटन व्यवसायातल्या स्त्री-कामगारांच्या प्रश्नावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

आज मी ज्या बायकांबद्दल बोलणार आहे, त्या आपल्या मोर्चात फारशा दिसत नाहीत. विडी कामगार, घरकामगार, कचरा वेचणाऱ्या बाया यांच्या संघटना आपण पाहिल्या, काहींच्या उभारणीत आपलाही हात लागला. पण हॉटेलात, लॉजवर, रिसॉर्टवर काम करणारी बाई आपल्याला कामगार म्हणून चटकन आठवत नाही. तिचा गणवेश इस्त्रीचा असतो, चेहऱ्यावर हसू असतं. हिला कसला त्रास, असं वाटतं. पण ते हसू हा तिच्या कामाचाच भाग आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

‘अतिथी देवो भव’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुढे केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याने तीच घोषणा मोहीम म्हणून वापरली. घरात पाहुणा देव असतो, तेव्हा पूजा कोण करतं? चहा टाकणं, अंथरूण घालणं, उष्टी काढणं, आणि हे सगळं हसतमुखाने करणं ही बाईची कामं. हॉटेल व्यवसायाने हीच कामं बाजारात आणली. घरी ती फुकट होतात म्हणून बाजारातही त्यांना भाव कमी. बाईला हे जन्मजात येतं, त्यात कसलं कौशल्य, असं मालकही म्हणतो आणि कित्येकदा आपणही. गंमत बघा, जन्मभर स्वयंपाक बाई करते, पण मोठ्या हॉटेलात ‘शेफ’ म्हटला की बहुधा पुरुष डोळ्यांपुढे येतो. कामाला पगार आणि प्रतिष्ठा आली की ते काम ‘कला’ होतं आणि पुरुषाकडे जातं.

हॉटेलच्या आत गेलो की आणखी एक उतरंड दिसते. स्वागतकक्षात इंग्रजी बोलणाऱ्या, तरुण, ‘प्रेझेंटेबल’ मुली. हा शब्द नीट तपासून बघा. त्यात वय, वर्ण, जात, वर्ग सगळं लपलेलं असतं. मागच्या बाजूला खोल्या आवरणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका. त्या बहुतेक ठेकेदाराच्या, पाहुण्यांच्या नजरेआड. पुढच्या मुलीला ‘मॅडम’ म्हणतात, मागच्या बाईला ‘मावशी’. मावशी म्हटलं की आपुलकी वाटते, पण मावशीला नेमणूकपत्र द्यायचं राहून जातं.

खोल्या आवरण्याचं काम किती असतं? एका पाळीत एका कामगाराने साधारण १४ ते १६ खोल्या कराव्यात, असा हिशोब या धंद्यात सर्रास धरला जातो. म्हणजे खोलीमागे जेमतेम अर्धा तास. त्यात गादी उचलून चादर खोचणं, संडास-बाथरूम घासणं, केर-फरशी, टॉवेल बदलणं. पाहुणा खोली सोडून गेला असेल तर काम दुप्पट. कंबर, खांदे, मनगटं जातात, पण त्याला व्यवसायजन्य आजार म्हणून कोणी मोजत नाही. पुढच्या मुलींचं दुखणं वेगळं. पाळीभर उभं राहायचं, बसायला स्टूल नाही, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते. केरळात कोझिकोडच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी याच प्रश्नावर संघर्ष केला. २०१८ साली केरळ सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला, २०२१ साली तमिळनाडूनेही दिला. स्टूल मागणं ही क्षुल्लक मागणी नव्हे, हे त्या बायकांनी दाखवून दिलं.

आता हसण्याकडे येते. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली पुस्तक लिहिलं. त्यांनी या कामाला ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. विमान हा आपलाच दिवाणखाना समजा, चिडलेला प्रवासी म्हणजे लहान मूल समजा, असं त्या मुलींना प्रशिक्षणात शिकवलं जात असे. म्हणजे राग गिळायचा एवढंच नाही, तर राग येऊच नये अशी मनाची मशागत करायची. हातपाय थकले तर कळतं. मन थकलं की बाई म्हणते, “ताई, मला हल्ली घरी कुणाशी बोलावंसंच वाटत नाही.” हा थकवा तिच्या स्वभावाचा दोष नव्हे, तो कामातून आलेला आहे. हे तिला सांगणारं कोणीतरी हवं.

या बायकांच्या शरीरावर आणि वयावर मालकी सांगण्याचा इतिहासही जुना आहे. एअर इंडियाच्या नियमांनुसार हवाई सुंदरीला ३५ व्या वर्षी निवृत्त व्हावं लागे. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं किंवा पहिल्यांदा दिवस राहिले, तर त्याआधीच. १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची चार वर्षांची अट मात्र योग्य ठरवली. अर्धा विजय म्हणतात तो असा.

दुसरा खटला थेट हॉटेलांचा. १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं एक कलम दिल्लीतही लागू होतं. जिथे लोक दारू पितात अशा जागी कोणत्याही स्त्रीला नोकरीवर ठेवायला त्या कलमाने बंदी होती. हॉटेल व्यवस्थापन शिकलेल्या मुलींनी करायचं काय? २००७ साली अनुज गर्ग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. बाईच्या सुरक्षिततेसाठी तिचा रोजगार काढून घेऊ नका, काम करता येईल अशी सुरक्षितता निर्माण करा, असा त्या निकालाचा आशय आहे. हे वाक्य आपण पाठ करून ठेवावं असं आहे. आपल्याच राज्यात २००५ साली डान्सबारवर बंदी आली तेव्हा तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना वगळलं होतं. नाच तोच, पण गरीब बाईचा नाच अनीती आणि महागड्या हॉटेलातला मनोरंजन. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती बंदी टिकू दिली नाही. तोवर आठ वर्षं लोटली होती.

मैत्रिणींनो, व्यवस्थापनशास्त्राची पुस्तकंही आपण वाचायला हवीत. मालक काय शिकतो हे आपल्याला ठाऊक हवं. पाहुण्याशी प्रत्यक्ष संबंध येणारा कर्मचारी हाच हॉटेलचा चेहरा, त्याला अधिकार द्या, असं ही पुस्तकं सांगतात. रिट्झ-कार्लटन या हॉटेल साखळीचं उदाहरण नेहमी दिलं जातं. पाहुण्याची तक्रार दूर करण्यासाठी तिथला कोणताही कर्मचारी वरिष्ठांना न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. चांगली गोष्ट आहे. पण हा अधिकार कुणासाठी? पाहुण्याला खूश करण्यासाठी. पाहुण्याला थांबवण्याचा अधिकार कुणी दिला? “साहेब, हे चालणार नाही,” असं वरिष्ठांना न विचारता म्हणता येतं का? माझ्या मते सबलीकरणाची खरी कसोटी ही आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेलचे कर्मचारी पळून गेले नाहीत. त्यांनी पाहुण्यांना बाहेर काढलं आणि त्यात काहींचे प्राण गेले. एका मेजवानीची जबाबदारी अवघ्या चोविशीतल्या मुलीवर होती. तिने दारं बंद करवली, दिवे मालवले आणि रात्रभर पाहुण्यांना धीर दिला. पुढे हार्वर्डच्या अभ्यासकांनी यामागची कारणं शोधली: लहान गावांतून माणसं निवडणं, दीड वर्षाचं प्रशिक्षण, चांगल्या कामाची लगेच दखल. धंद्याने यातून निष्ठेचा धडा घेतला. आपण दुसरा धडा घ्यावा. ज्याला नीट शिकवलं जातं, ज्याची दखल घेतली जाते, तोच संकटात निर्णय घेतो. ११ महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन पुन्हा भरलेल्या ठेकेदारी बाईकडून निष्ठा मागायची, तर आधी तिच्याशी निष्ठेने वागायला नको का?

आता सगळ्यात कठीण प्रश्न. पाहुण्यानेच त्रास दिला तर? आमच्या केंद्रात एक बाई आल्या होत्या. खोली आवरायला गेल्या तर पाहुण्याने मुद्दाम टॉवेल सोडला. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, गेस्ट उद्या जाईल, तुम्हाला इथेच राहायचंय. जाऊ द्या.” दुसऱ्या दिवशी त्यांची बदली धुलाईखान्यात झाली. ‘तुमच्याच सुरक्षेसाठी’ म्हणून. तिथे टिप मिळत नाही. म्हणजे अपराध पाहुण्याचा आणि दंड बाईंना. पाहुण्याचं नाव, खोली नंबर, तारीख सगळं हॉटेलच्या रजिस्टरला होतं. पण ते रजिस्टर कुणी उघडलं नाही.

हे टोकाला गेलं की काय होतं, ते आपण २०२२ च्या सप्टेंबरमध्ये पाहिलं. ऋषिकेशजवळच्या एका रिसॉर्टमध्ये स्वागतिका म्हणून लागलेल्या १९ वर्षांच्या मुलीचा खून झाला. पाहुण्यांना ‘खास सेवा’ देण्यासाठी तिच्यावर दबाव होता, तिने नकार दिला, असं सरकार पक्षाचं म्हणणं होतं. ३० मे २०२५ रोजी न्यायालयाने रिसॉर्टमालक आणि त्याच्या दोन माणसांना जन्मठेप सुनावली. त्या मुलीला तक्रार करायला जागा कोणती होती? मालकच दबाव आणतो तिथे अंतर्गत समिती काय करणार?

कायदा याचं उत्तर देतो, म्हणून तो नीट समजून घेऊ. १९९७ च्या विशाखा निकालानंतर १६ वर्षांनी, २०१३ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. त्यातल्या चार गोष्टी हॉटेलच्या बाईला सांगायच्या. एक, ठेकेदाराची कामगार, शिकाऊ, रोजंदारीची, सगळ्या या कायद्यात येतात. दोन, कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. आणि त्रास देणारा कर्मचारी नसेल, तर बाईची इच्छा असल्यास पोलिसात कारवाई सुरू करायला मालकाने पुढाकार घ्यायचा आहे. म्हणजे ‘गेस्ट आहे’ ही सबब चालणार नाही. तीन, दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. चार, तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. समित्या कागदावरच राहतात हे आपण जाणतोच. मे २०२३ मध्ये गोव्याच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या ढिलाईवर ताशेरे ओढले.

दुसरीकडे कामगार बायकांनी काय मिळवलं, तेही बघू. शिकागोतल्या हॉटेल कामगारांच्या युनियनने सुमारे ५०० बायकांना विचारलं, तेव्हा हॉटेलातल्या ५८ टक्के जणींनी पाहुण्याने लैंगिक त्रास दिल्याचं सांगितलं. मोहीम उभी राहिली आणि २०१७ साली शहराच्या परिषदेने नियम केला. एकटीने खोलीत काम करणाऱ्या प्रत्येक बाईला धोक्याची घंटा वाजवणारं बटण द्यायचं आणि तक्रारीवरून तिच्यावर सूड उगवायचा नाही. सिअ‍ॅटलच्या मतदारांनी असाच नियम २०१६ सालीच मंजूर केला होता. बटण स्वस्त आहे. महाग आहे ती त्यामागची मान्यता, की पाहुण्यापेक्षा बाईचा शब्द आधी ऐकायचा.

कोकणातल्या, डोंगरातल्या घरगुती निवासांबद्दलही बोललं पाहिजे. तिथे ना ठेकेदार, ना सुपरवायझर. पाटी नवऱ्याच्या नावाची, बुकिंगचा फोन त्याच्या खिशात, आणि पहाटे उठून घावणे, मोदक, माशाचं जेवण करणारी बाई ‘मालकीण’ म्हणवते. पैसे तिच्या हातात किती येतात? २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ‘आई’ हे महिला-केंद्रित पर्यटन धोरण आणलं. महिला उद्योजकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा त्यात आहे. बचतगटांनी त्याचा जरूर उपयोग करावा. पण कागदावर सही तिची आणि कारभार त्याचा, असं होऊ नये म्हणून निवास, बँक खातं, बुकिंग तिन्ही तिच्या नावावर आणि तिच्या हातात आहेत का, हे गटाने विचारायला हवं.

मग आपण करायचं काय? आपापल्या तालुक्यात हॉटेलं, लॉज, रिसॉर्ट किती आहेत आणि त्यात बायका किती, याची यादी करू. या बायका सभेला येणार नाहीत. त्यांची पाळी सुटते ती वेळ आणि त्यांचा बसथांबा आपण गाठायला हवा. त्यांना पाच प्रश्न विचारू. नेमणूकपत्र आहे का? रात्री घरी पोहोचवायला गाडी आहे का? राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात कामाला बाईची संमती लागते आणि सुरक्षितता मालकाने द्यायची असते. टिप आणि सर्व्हिस चार्ज कसा वाटला जातो, मागच्या बाजूच्या बायकांना काय मिळतं? अंतर्गत समितीत कोण आहे, तिचा कागद भिंतीवर लावलाय का? आणि पाचवा प्रश्न: पाहुण्याने त्रास दिला तर खोली सोडून बाहेर यायची मुभा आहे का, पगार आणि जागा न गमावता?

जिल्ह्याची स्थानिक समिती अस्तित्वात आहे का, तिचा पत्ता काय, हे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारू. उत्तर आलं तर ते छापून बसथांब्यावर वाटू. नाही आलं तर तेही छापू.

आणि एक काम आपल्या स्वतःचं. आपणही कधी पाहुण्या म्हणून लॉजवर उतरतो, परिषदांना हॉटेलात राहतो. खोली आवरणाऱ्या बाईला नाव विचारू, टिप तिच्याच हातात देऊ, आणि ती हसली नाही तर तक्रारवहीत लिहू नये. तिला न हसण्याचाही हक्क आहे.