कालवांची शेती आणि खाडीचं पाणी

(माटुंगा येथील सभेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मच्छीमार नाही. तरीही आज कालवांवर बोलणार आहे, कारण हा प्रश्न आपणा शहरी नागरिकांचाही आहे.

ओहोटीला खडकांवरची कालवं फोडून काढणं हे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने बायकांचं काम. घर गाबितांचं असो, भोयांचं असो की दालदी मुसलमानांचं. खाडी सगळ्यांची एकच. पण मच्छीमारांना डिझेलच्या करात मिळणारी सवलत बोटीशी जोडलेली आहे. जिच्याकडे बोटच नाही, तिला त्याचा काय उपयोग?

म्हणूनच राज्याच्या कांदळवन कक्षाने 2017 च्या उपजीविका योजनेत कालवेपालन घेतलं, हे महत्त्वाचं आहे. त्याआधी सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी हा प्रयोग केला होता. पद्धत सोपी आहे. कालवांची पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात, मग टणक जागा शोधून चिकटतात. रिकाम्या शिंपल्यांच्या माळा बांबूच्या मांडवाला टांगल्या की ती त्यांवर बसतात आणि साधारण वर्षभरात काढणीला येतात. खाद्य नाही, खत नाही. कालव पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातं.

नेमकी हीच त्याची दुबळी बाजूही आहे. पाण्यात मैला असेल तर त्यातले जंतू कालवात साठतात. काढणीनंतर एखादा दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवलं तर ते बरेच कमी होतात. कारखान्यांतून आलेले जड धातू मात्र असे निघत नाहीत. म्हणजे या शेतीचं खरं भांडवल स्वच्छ पाणी. ते राखणं त्या बाईच्या एकटीच्या हातात नाही.

इथून जवळच माहीमला मिठी नदी समुद्राला मिळते. तिथल्या पाण्यात वाढलेलं कालव आपण खाऊ का? कोकणातल्या खाड्यांची तीच गत होऊ द्यायची नसेल, तर तीन मागण्या धरायला हव्यात. खाडीच्या पाण्याची नियमित तपासणी होऊन तिचे आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. गावांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रियेशिवाय खाडीत सोडू नये. आणि मांडवाची जागा गटातल्या बायकांच्या नावे, लेखी मिळावी.

अनुदानातून बांबू आणि दोर येतील. स्वच्छ पाण्यासाठी आपल्याला त्यांच्याबरोबर उभं राहावं लागेल.